एमव्हीपीच्या फलकावर जॉश गिब्सन यांचं नाव हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेसबॉलपटू शोहेई ओहतानीला २०२५चा नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार मिळाल्याची बातमी आपण क्रीडा पानावर ठळक छापलीत, याचा आनंद झाला. क्रिकेटच्या गर्दीत बेसबॉलला एवढी जागा क्वचितच मिळते. हा त्याचा चौथा पुरस्कार, आणि चारही वेळा तीसच्या तीस मतदारांनी त्याला पहिला क्रमांक दिला, हेही बातमीत नीट आलं होतं. पण विजेत्याला दिल्या जाणाऱ्या ज्या फलकासाठी एवढी चुरस असते त्यावर २०२० पर्यंत कोणाचं नाव होतं, ते का काढलं गेलं आणि ती जागा अजून रिकामी का आहे, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या बेसबॉल पत्रकारांची संघटना १९३१ पासून हा पुरस्कार देते. नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीगसाठी (मिळून त्यांना मुख्य लीग म्हणतात) वेगवेगळे तीस पत्रकार मतदान करतात. प्रत्येक जण दहा नावं क्रमाने लिहितो, पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९ आणि पुढे एकेक कमी. १९४४ मध्ये या पुरस्काराला केनेसॉ माउंटन लँडिस यांचं नाव दिलं गेलं. फलकावर त्यांचा चेहरा असे, आणि त्यांचं नाव विजेत्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत.

लँडिस मूळचे न्यायाधीश. १९१९च्या वर्ल्ड सिरीजमधलं, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेतलं सट्टेबाजीचं प्रकरण उघड झाल्यावर संघमालकांनी त्यांना कमिशनर, म्हणजे खेळाचे सर्वोच्च प्रशासक नेमलं. त्यांनी आठ खेळाडूंवर कायमची बंदी घातली आणि खेळाची पत सावरली. ते श्रेय त्यांचंच. पण १९२० ते १९४४ या त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत मुख्य लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नाही. कृष्णवर्णीयांना घेऊ नये असा नियम कागदावर कुठेच नव्हता. १९४२ मध्ये लँडिस यांनी तसं जाहीरही केलं: असा नियम नाही, लेखी नाही आणि अलिखितही नाही. तरी पुढची दोन वर्षं मैदानावरचं चित्र तेच राहिलं. त्यांचे वडील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात डॉक्टर होते. जॉर्जियातल्या केनेसॉ डोंगरावरच्या लढाईत ते जखमी झाले आणि पुढे मुलाचं नाव त्या डोंगरावरूनच ठेवलं. अशा घरातल्या माणसाच्या अमदानीत हे सारं चाललं, याचं मला फार वाईट वाटतं.

नोव्हेंबर १९४४ मध्ये लँडिस वारले. वर्ष उलटायच्या आत ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूशी करार केला. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि १९४९ मध्ये एमव्हीपी झाले. ते पकडून १९५९ पर्यंतच्या अकरा हंगामांत नॅशनल लीगचा हा पुरस्कार नऊ वेळा कृष्णवर्णीय खेळाडूंना मिळाला. कॅम्पानेला तीनदा, अर्नी बँक्स दोनदा, शिवाय विली मेज, न्यूकम्ब, हँक एरन. आदल्या पिढ्यांतले किती जण बाहेरच राहिले असतील, याचा अंदाज एवढ्यावरून यावा. आणि या प्रत्येकाच्या हाती दिलेल्या फलकावर लँडिस यांचं नाव होतं!

२०२० मध्ये बॅरी लार्किन, टेरी पेंडलटन आणि माइक श्मिट या माजी विजेत्यांनीच याबद्दल जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पत्रकार संघटनेने मतदान घेऊन ते नाव काढलं. ते योग्यच झालं. माझा आग्रह पुढचा आहे. ती जागा रिकामी ठेवू नये, तिथे जॉश गिब्सन यांचं नाव यावं.

गिब्सन कॅचर होते, म्हणजे फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारे. सामनाभर गुडघ्यांची कसोटी पाहणारी ही जागा, तरीही त्यांच्याइतकी जबर फलंदाजी त्या काळात फार थोड्यांना जमली. १९४३ चंच उदाहरण घ्या. होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या संघाकडून खेळताना त्यांची सरासरी (फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका बसला, त्याचं प्रमाण) ०.४६६ होती. त्या वर्षी नॅशनल लीगचे एमव्हीपी ठरले स्टॅन म्युझियल, ०.३५७ सरासरीवर. म्युझियल थोरच, त्यांचा मान कमी करायचा नाही. पण ग्रेज आपले कितीतरी सामने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर भाड्याने खेळत, आणि ते मैदान मुख्य लीगमधल्या सेनेटर्स संघाचं होतं. मैदान तेच, खेळपट्टीची माती तीच, फक्त गिब्सन यांचं नाव कुठल्या मतपत्रिकेवर येऊ शकत नव्हतं. रॉबिन्सन उतरायच्या तीन महिने आधी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. मे २०२४ मध्ये निग्रो लीगची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत सामावून घेतली गेली, तेव्हा ०.३७२ या कारकिर्दीतल्या सरासरीने त्यांनी तोवर यादीत अव्वल असलेल्या टाय कॉब यांना मागे टाकलं.

यावर म्हटलं जातं की निग्रो लीगचे हंगाम छोटे होते, नोंदी अपुऱ्या आहेत. खरं आहे. पण मुख्य लीगचे १५४ सामने खेळायची मुभाच ज्यांना नव्हती, त्यांना कमी सामन्यांचा हिशेब कसा विचारायचा? काही जण जॅकी रॉबिन्सन किंवा फ्रँक रॉबिन्सन यांचं नाव सुचवतात. जॅकी यांचं नाव १९८७ पासून सर्वोत्तम नवोदिताच्या पुरस्काराला आहेच. दोन्ही लीगमध्ये एमव्हीपी ठरलेल्या फ्रँक यांचा दावा भक्कम आहे, पण त्यांना त्यांचं माप मिळालं. गिब्सन यांना ते मिळण्याची शक्यताच ठेवली गेली नव्हती.

दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांची कहाणी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही जातीमुळे हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आलं.

पुरस्काराला कोणाचं नाव द्यायचं हे अमेरिकेतले पत्रकार ठरवतील. आपल्या हातात बातमी आहे. पुढच्या नोव्हेंबरात एमव्हीपीचे निकाल छापाल तेव्हा सोबत एक छोटी चौकट या फलकाच्या इतिहासाची द्यावी आणि त्यात गिब्सन यांचं छायाचित्र जरूर असावं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे