एकट्या हृदयरोग्याला फोन कोण करणार?

मा. संपादक, स. न.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांवरचा आपला लेख वाचला. त्यात हृदयरोग्यांचा उल्लेख ओझरताच आहे, म्हणून हे पत्र.

2020च्या टाळेबंदीत म्हाताऱ्यांनी आणि हृदयरोग, मधुमेह असणाऱ्यांनी घराबाहेर पडू नये, असं बजावलं गेलं. सूचना रास्तच होती. माझी बायपास झालेली, हृदयाचं पंपिंग कमी, मुलगी पुण्यात. पण एकटेपणाने माणूस नुसता उदास होतो, असं वाटत असेल तर एकट्याच्या ताटात डोकावून बघा. एका जिवासाठी रोज कुकर कोण लावतो? लोणचं-भात, पापड, नाहीतर सेव-परमल (आपले शेव-कुरमुरे), झालं जेवण! इंदुरी घरात एक वेळ पीठ संपेल, सेव संपायची नाही. एवढं मीठ पोटात गेलं की कमजोर हृदयाच्या माणसाच्या अंगात पाणी साठतं, पाय सुजतात आणि रात्री आडवं झालं की धाप लागते.

माझं निभावलं ते भजनी मंडळातल्या एका मित्रामुळे. रोज संध्याकाळी त्याचा फोन. तब्येत कशी आहे, हे त्याने कधी विचारलंच नाही. "वजन किती भरलं रे आज? मोजा काढल्यावर इलॅस्टिकचा वळ दिसतोय का?" दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, म्हणजे पाणी साठलं, की डॉक्टरांना फोन लावायला लावायचा. ते फोनवरच लघवीची गोळी वाढवून देत. (टेलिमेडिसिनची, म्हणजे फोनवरून उपचार करण्याची, नियमावली 25 मार्च 2020लाच निघाली होती; सरकारचं एवढं काम तरी वेळेवर झालं!) मग मंडळातल्या उखाळ्यापाखाळ्या.

सगळ्यांच्या नशिबी असा मित्र नसतो. छातीत दुखत असूनही, दवाखान्यात गेलो तर कोरोना होईल या धास्तीने घरी बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या काळात देशभरच हार्ट अटॅकचे रुग्ण इस्पितळात कमी पोहोचले. रक्तवाहिनी बंद पडली की हृदयाचा स्नायू तासागणिक मरत जातो, तिथे "सकाळी बघू" परवडत नाही. घरात दुसरं कोणी असतं तर ओढत नेलं असतं.

आपल्या इंदूर महापालिकेने तेव्हा कचरागाडीवरून किराण्याच्या याद्या गोळा केल्या, सामान घरपोच दिलं. मोठंच काम. पण त्याच गाडीवरच्या माणसाला "घरात एकटं कोणी आहे का? औषधं संपत आलीत का?" एवढं विचारायला सांगता आलं नसतं?

पुढच्या साथीची वाट न बघता वॉर्डावॉर्डात अशा घरांची, अर्थात त्यांना विचारून, यादी करावी. फोन करायला राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगरात सेवानिवृत्तांची वाण नाही. फक्त "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवणारे नकोत. वजन विचारणारे हवेत. माझं नाव लिहून घ्यावं. सकाळी नऊनंतर मी मोकळाच असतो.

आपला,
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर