घराचा जिना उलटा झाला

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

तुझ्या चित्राचा फोटो मिळाला. ‘लिमिटेड एडिशन, ४५/५००, खाली सही. अस्सल की नक्कल?’ एवढं विचारून तू मोकळा झालास. (४५/५०० म्हणजे पाचशे छापांतली पंचेचाळिसावी.) मोबाइलवरच्या फोटोवरून काय सांगणार, कपाळ! फ्रेम उघड आणि भिंग लाव. निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसली, तर तो रंगवलेल्या चित्राचा फोटो मशीनवर छापलेला आहे. कागद उंची असेल, सहीही खरी असेल. पण चित्र दुसरीकडे कुठेतरी कॅनव्हासवर आहे.

आमच्या एचिंगचं, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राचं, तसं नसतं. (आमच्या म्हणे! सहा महिने झाले नाहीत शिकायला लागून.) गेल्या महिन्यात जस्ताच्या पत्र्यावर गावचं घर काढलं. पत्र्याला मेण-डांबराचा थर द्यायचा. सुईनं रेघ ओढली की तेवढाच पत्रा उघडा पडतो, आणि नायट्रिक अ‍ॅसिड तेवढीच रेघ खातं. जितका जास्त वेळ, तितकी ती खोल आणि छापल्यावर काळी. रेघेवर बुडबुडे धरतात, ते पिसानं हलकेच झाडायचे. मग थर धुऊन शाई भरायची, वरवरची पुसून घ्यायची, शेवटचा हात तळव्यानं. ओलसर कागद, त्यावर लोकरी ब्लँकेट, आणि प्रेसचं चाक. कागद सोलून उचलताना पोटात गोळा येतो.

छाप आरशासारखी उलटी उमटते हे मी सपशेल विसरलो होतो. जिना डावीकडे गेला. आई म्हणाली, “आता वर जायचं कसं, शेजाऱ्यांच्या ओसरीतून?”

पण हे चित्र कागदावर येण्याआधी कुठेच नव्हतं रे. पत्रा म्हणजे चित्र नव्हे. शिवाय दर वेळी हात वेगळा पुसतो, त्यामुळे एकीत आभाळ दाटलेलं, दुसरीत निवळलेलं. आभाळाला दाणेदार पोत यावा म्हणून पत्र्यावर राळेची पूड वापरली होती. तो पोत प्रेसच्या दाबाखाली झिजत जातो, म्हणून मी १२ वर थांबलो. तुझा ५०० चा आकडा विकणाऱ्यानं ठरवलाय. मशीन ५,००० सुद्धा काढेल.

‘हातानं केलेलं ते अस्सल’ असंही मात्र समजू नकोस. तुझ्या आजीच्या देवघरातली रविवर्म्याची लक्ष्मी आठव. त्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. तिथे तैलचित्र बघून कारागीर प्रत्येक रंगासाठी वेगळ्या शिळेवर हातानं रेखाटायचे. मेहनत केवढी, तरी नक्कलच! पण ती लक्ष्मी मी तुझ्या ४५/५०० च्या बदल्यात देणार नाही.

गावचं घर गेल्या वर्षी विकलं, तुला ठाऊकच आहे. बाराही छापांवर पेन्सिलनं आकडे घातलेत. तुझ्यासाठी मुद्दाम ७/१२ बाजूला ठेवलाय. घर गेलं, पण सातबारा तुझ्या नावावर.

तुझा,
बाळ्या