केसपेपरवर कामाचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत जुनाट खोकला आणि दमा यांवरील होमिओपॅथिक उपचारांचे लेख अधूनमधून प्रसिद्ध होतात. मी स्वतः बी.एच.एम.एस. असून हातकणंगले तालुक्यात 22 वर्षे व्यवसाय करतो, त्यामुळे अशा लेखांबद्दल माझी तक्रार असण्याचे कारण नाही. तरीही त्यांत एक गोष्ट दरवेळी राहून जाते. तीच माझ्याकडूनही राहून गेली आणि त्याची किंमत एका रुग्णाला मोजावी लागली, म्हणून हे पत्र.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमुळे आमच्या भागात फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) जाणारा माणूस घरटी नाही तरी गल्लीगणिक सापडतो. असाच एक चाळिशीतला गृहस्थ कोरडा खोकला आणि धाप घेऊन माझ्याकडे आला. आमच्या शास्त्राच्या रीतीप्रमाणे मी तासभर त्याची केस घेतली. तहान किती लागते, पाणी गार आवडते की कोमट, तळपायांना घाम येतो का, झोप कोणत्या कुशीवर लागते, स्वप्ने कसली पडतात, हे सारे विचारले. काम काय करता, यावर तो ‘कंपनीत आहे’ म्हणाला. मी ‘नोकरी’ एवढे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळलो. थंडी सोसत नाही, पायांना घाम, अंगात त्राण नाही, यावरून सिलिशिया हे औषध ठरले. मधूनमधून आर्सेनिक अल्बम आणि अँटिम टार्ट देत मी त्याला 14 महिने साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवर ठेवले. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. सुरुवातीला एका दमात जिना चढणाऱ्या या माणसाच्या चपलांचा आवाज पुढेपुढे वळणावर थांबू लागला, आणि तो थांबलेला मला वर खुर्चीत बसून ऐकू येत असे. ऐकू येऊनही मी पोटन्सी (औषध किती वेळा विरल केले याची पायरी) तेवढी वाढवली.

शेवटी एकदा मुलगा सोबत आला, आणि वडील 12 वर्षे ठेकेदाराकडे फेटलिंगला आहेत हे बोलता बोलता त्याच्या तोंडून कळले. फेटलिंग म्हणजे कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतून काढलेल्या भागाला, चिकटलेली वाळू आणि फाजील धातू ग्राइंडरने काढून टाकण्याचे काम. साच्यांना वापरतात ती सिलिका वाळू. तिचे अख्खे दाणे जड असतात, ते खाली बसतात किंवा नाकात अडकतात. पण घासताना आणि साचे फोडताना तिची जी भुकटी उडते, तिचे अत्यंत बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ते सहज आरपार जातात. या कणांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी स्वतःच मरतात, दाह सुरू राहतो आणि फुफ्फुसात वणासारख्या घट्ट गाठी बनत जातात. हाच सिलिकोसिस. त्या गृहस्थांच्या एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात राळ्याचे दाणे सांडावेत तसे ठिपके होते, आणि थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू निघाले. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो.

सिलिशिया हे औषधही सिलिकेपासूनच तयार होते. आमच्या जुन्या मटेरिया मेडिकात, म्हणजे औषधांचे गुण सांगणाऱ्या ग्रंथांत, पाथरवटांच्या छातीच्या तक्रारींसाठी आणि ‘सर्व शक्ती गेली’ या लक्षणासाठी ते सांगितलेले आहे. ते वण विरघळवते असेही लिहिलेले आढळते. समाने समाचा उपचार, हे आमचे मूळ सूत्र इथे इतके चपखल बसते की मोह होतो. पण 200 पोटन्सीच्या त्या गोळीत, रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने, मूळ द्रव्याचा एक रेणूही उरलेला नसतो, आणि तिने फुफ्फुसातली एखादी गाठ विरघळल्याचा पुरावा मला कुठेही आढळलेला नाही. खरे सांगायचे तर हा वण भरून काढणारे औषध ॲलोपॅथीकडेही नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्या गृहस्थांसाठी जे केले ते निराळेच होते. आधी धुळीचे काम कायमचे बंद करायला लावले, क्षयाचे औषध सुरू करून ते पुरे होईपर्यंत पाठपुरावा केला, श्वासाची ताकद स्पायरोमेट्रीने मोजली, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी दिल्या, विडी सोडवली आणि श्वासाचे व्यायाम शिकवले. माझ्या 14 महिन्यांत यांपैकी एकही गोष्ट झाली नाही, आणि त्या 14 महिन्यांत तो रोज फेटलिंगला जातच होता. गोळीने अपाय केला नसेल. पण गोळी चालू आहे या भरवशावर तो धुळीत उभा राहिला. ते गृहस्थ आजही माझ्याकडे झोपेच्या तक्रारीसाठी येतात. त्यांनी खालून हाक मारली की मी औषध घेऊन जिना उतरतो.

व्यवसायाची नोंद करण्याला आणखी एक बाजू आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस हा सूचनीय रोगांच्या यादीत होता; त्याची जागा घेतलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो त्या यादीत आहे. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने अशा रोगाची लेखी माहिती मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायची असते. कायद्याला अभिप्रेत असलेला वैद्यक व्यावसायिक मी आहे की नाही, यावर वकील खुशाल वाद घालोत (आमच्या पदवीवरून तसेही वाद कमी नाहीत), पण मी रुग्ण पुढे पाठवलाच नाही तर कळवणार कोण? 1923 च्या भरपाई कायद्यातही हा रोग व्यवसायजन्य म्हणून गणला जात असे, आणि त्याची जागा घेतलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही गणला जातो. मात्र ठेकेदाराकडच्या माणसापाशी पगाराची चिठ्ठी नसते, हजेरीपत्रक नसते. अशा वेळी ‘फेटलिंग, 12 वर्षे’ अशी तारखेसह नोंद असलेला जुना केसपेपर हा त्याच्या हाती असलेला थोडाफार पुरावा ठरू शकतो. मी मात्र ‘नोकरी’ लिहून ठेवले होते. गुजरातमध्ये क्वार्ट्‌झच्या कारखान्यांत राबून सिलिकोसिसने मेलेल्या मध्य प्रदेशातील 238 आदिवासी मजुरांच्या वारसांना भरपाई मिळण्यासाठी 2016 साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, यावरून पुराव्याचे मोल ध्यानात यावे.

रोग कधी वाढतो हे आम्ही फार बारकाईने विचारतो: पहाटे, पावसात, जेवणानंतर. सूतगिरणीत ब्लोरूमला (कापूस मोकळा करून साफ करण्याच्या खात्यात) काम करणारा रुग्ण ‘सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळते’ असे सांगतो, तेव्हा तेही आम्ही लक्षण म्हणून टिपून घेतो आणि त्यावरून औषध शोधत बसतो. वास्तविक ती कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची खूण आहे, आणि सुरुवातीलाच धुळीतून बाहेर काढले तर तो माणूस बरा होऊ शकतो.

मी माझे केसपेपर नव्याने छापून घेतले आहेत. नाव आणि वय यांच्या खालीच ‘नेमके काम, कोणत्या धुळीत, किती वर्षे, त्याआधी काय’ असा रकाना आहे. तिथे वाळू, दगड किंवा कापूस यांपैकी काही आले आणि खोकला दोन आठवड्यांवर गेलेला असला, तर पहिल्याच दिवशी एक्स-रे आणि थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी लिहायची, गोळीचे नंतर पाहायचे, असे मी ठरवले आहे. आमच्या होमिओपॅथी परिषदेने हा रकाना सर्वांनाच सक्तीचा करावा, आणि आपल्या पुरवणीतील खोकल्यावरच्या पुढच्या लेखात, तो कोणत्याही पॅथीचा असो, वाचकाला त्याचे काम काय हा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात विचारला जावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक होमिओपॅथिक डॉक्टर
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर