टोमॅटोला सोलापूरचा उन्हाळा सोसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की रोपवाटिकांतून टोमॅटोची रोपं हौसेनं घरी नेणारी मंडळी दिसतात. मार्चात लावलेलं रोप वाढतं झकास, पिवळ्या फुलांनी भरतं, आणि एप्रिलात फुलं देठासकट गळतात. मग फवारण्या होतात आणि शेवटी कुंडी उपडी होते. वाईट वाटतं हो. दिवसा पारा 35 अंशांपुढे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, की टोमॅटोचे पराग निकामी होतात, फळ धरत नाही. आपल्याकडे तर पारा 42-43 ला टेकतो. त्याला फवारणी काय करणार?

मी निवृत्त यंत्रमाग कामगार, घराच्या गच्चीवर भाजी करतो. रंगाच्या 20 लिटरच्या डब्यांना बुडाशी भोकं पाडली आहेत. गणपती उठले की त्यांत टोमॅटोची रोपं लावतो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेच्या दिवसांत झाडं लगडलेली असतात. फांद्या बांधायला मागावरच्या सुताच्या दशा वापरतो. मऊ असतात, खोडाला काचत नाहीत. उन्हाळ्यात त्याच डब्यांत गवार आणि भेंडी.

दुसरी गोष्ट पाण्याची. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आलं त्या दिवशी लोक कुंड्या तुडुंब भरतात आणि पुढं त्या कोरड्या ठाक. अशानं मुळांना मातीतला चुना (कॅल्शियम) नीट उचलता येत नाही आणि टोमॅटोचं बूड काळं पडून चामड्यासारखं होतं. ही कीड नव्हे. पिंप भरून ठेवावं, रोज सकाळी बेतानं पाणी द्यावं, वर शेंगांच्या टरफलांचा जाड थर पसरावा. सोलापुरात टरफलांना काय तोटा!

वर्तमानपत्रांतली लागवडीची कोष्टकं बहुधा पुण्या-मुंबईची हवा धरून केलेली असतात. आपण सोलापूरच्या हवेचा महिनावार तक्ता छापावा, ही विनंती. शहरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आहे, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथल्या जाणकारांकडून तो तपासून घेता येईल. श्रावणात पहिला तक्ता आला, तर यंदाचं बी वेळेवर टाकता येईल.

आपला,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर