जुन्या मस्टँगला आधी ब्रेक, मग इंजिन

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन मसल कारवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण पानभर नुसतं इंजिन, हॉर्सपॉवर आणि सायलेन्सरचा आवाज, आणि जाताजाता एक वाक्य की हा श्रीमंतांचा नाद, सस्पेन्शन आणि ब्रेक सुधारायचे म्हटले तरी हजारो डॉलर जातात. राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेला, गेली बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ रॉयल ओकला राहतो आणि दारात 1965 ची फोर्ड मस्टँग आहे, 289 घन इंचांचं आठ सिलिंडरचं (व्ही-एट) इंजिन, टू-बॅरल म्हणजे दोन तोंडांचा कार्ब्युरेटर, कागदावर 200 हॉर्सपॉवर. (हिला मसल कार नाही, पोनी कार (तिची धाकटी, आटोपशीर बहीण) म्हणायचं असं इथले जाणकार सुनावतात. म्हणोत बापडे.)

गाडी घेतली तेव्हा माझंही डोकं बॉनेटखालीच होतं, मोठ्या कार्ब्युरेटरसाठी पैसे साठवत होतो. मग इथे ऑगस्टमधे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, 1995 पासून चालू आहे, त्यात गेलो. दुपारभर त्या गर्दीत ब्रेक दाब, सोड, दाब, सोड, आणि संध्याकाळी नाईन माईल रस्त्याच्या सिग्नलला पूर्ण ताकदीनं पाय दिला तर गाडीनं नाक खाली घातलं, डावीकडे ओढली आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पार मधोमध जाऊन थांबली. एक आजोबा आइस्क्रीमचा कोन घेऊन रस्ता ओलांडत होते, ते जागीच थबकले, बॉनेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि गेले. काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापला की फुगतो आणि आतून त्याला घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो, म्हणून पॅडल खोल जातं, आणि लायनरही गरम झालं की पकड सोडतं. त्यात 1965 ला मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) एकाच खणाचा, म्हणजे एक नळी जरी फुटली तरी चारी चाकांचे ब्रेक गेले. 1967 पासून फोर्डनं दोन खणांचा दिला. तेव्हा माझं पहिलं काम तेच, 1967 नंतरचा, पुढेमागे ड्रम असलेल्या गाडीचा मास्टर सिलिंडर आणला, थोडं पायपिंग नव्यानं वळवलं, सव्वाशे डॉलरच्या आत काम झालं. या गाडीवर यापेक्षा शहाणपणाचा खर्च मी केलेला नाही.

आणि ती डावीकडे का ओढत होती माहितीये? पुढचा उजवा रबरी होस. बाहेरून चकाचक. काढून ब्लेडनं उभा चिरला तर आतलं रबर फुगून असं झालेलं की दाभणसुद्धा जाईना, मग उजव्या चाकाला प्रेशर पोचणार कसं, सगळा ब्रेक डावीकडेच. पुढचे दोन, मागचा एक असे तिन्ही होस बदलले, ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवीन भरलं (ते हवेतलं पाणी पितं, वर्षानुवर्षं तसंच ठेवायची वस्तू नाही), लायनर ॲडजस्ट केले. किटबिट काही नाही, पण गाडी सरळ थांबायला लागली.

सस्पेन्शनमधे तर सगळ्यात भारी सुधारणा जवळजवळ फुकटात होते, लेखात तिचं नाव नाही याचंच जास्त वाईट वाटलं. तिला शेल्बी ड्रॉप म्हणतात, मूळ डोकं फोर्डच्याच क्लाउस आर्निंग या इंजिनियरचं, आणि मस्टँगवरूनच केलेल्या 1965 च्या शेल्बी जीटी 350 या गाडीला ती होती. पुढच्या चाकाला वरून धरणारा आर्म ज्या दोन भोकांत बसतो ती भोकं एक इंच खाली आणि एक अष्टमांश इंच मागे नवीन पाडायची, बस. मूळ मापात वळणावर बॉडी कलली की बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो, आर्म खाली घेतला की चाक वर दबताना त्याचं डोकं आत ओढलं जातं आणि टायर रस्त्यावर सपाट बसायचा प्रयत्न करतो. खर्च काय तर कागदाचा टेम्प्लेट आणि एक चांगलं ड्रिल बिट. मात्र त्यासाठी पुढची स्प्रिंग काढावी लागते आणि ती दाबलेली असताना निसटली तर बरगड्या मोडेल, स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर चांगला आणा, तिथे काटकसर नको. आणि एक इंच म्हणजे एकच इंच, त्याहून खाली गेलात तर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट अडकतो.

शॉकॉप्सर चारी नवे टाकले, पुढे वळणावर कलणं कमी करणारा एक इंची अँटी-रोल बार, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वरच्या आर्मचे बुश (सांध्यातल्या पुंगळ्या) बदलले म्हणून गाडीचं झोपाळ्यासारखं कुरकुरणं थांबलं, हिच्या मालकांना तो आवाज पाठ असतो.

मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) मात्र एका गॅरेजात बदलून घेतले ते पस्तावलो. गाडी लिफ्टवर लटकत असतानाच त्यांनी बुशचे बोल्ट करकचून आवळले. रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर, वजन अंगावर असताना शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत फाटलं. चाकांच्या अलाइनमेंटलाही तेच, मॅन्युअलमधल्या जुन्या आकड्यांवरच चाकं लावून दिली, ते आकडे त्या काळच्या बायस-प्लाय (तिरप्या थरांच्या) टायरचे, आता आपण रेडियल वापरतो. मी हट्टानं शिम (पातळ पट्ट्या) बदलून कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल, अडीच डिग्री पॉझिटिव्ह करून घेतला तेव्हा कुठे हायवेवर गाडी डुलायची थांबली.

डिस्क ब्रेक शेवटी, आणि तेही फक्त पुढे, कारण ब्रेक मारल्यावर वजन पुढेच येतं. पूर्वी लोक 1975 ते 80 च्या फोर्ड ग्रॅनाडाचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग) आणि 11 इंची डिस्क भंगारातून आणून बसवायचे, आता ग्रॅनाडाच दिसत नाही, त्यामुळे किट घ्यावं लागलं, मोठा खर्च काय तो हाच. मागच्या लाइनला प्रेशर कमीजास्त करायचा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर मागचे ड्रम आधी लॉक होऊन गाडी फिरते. ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर पॅडल जड लागणार. आणि किट मागवायच्या आधी चाकं मोजा, माझ्या मूळच्या 14 इंची ड्रमवाल्या चाकांत कॅलिपर (डिस्कला दाबणारा चिमटा) अडकला आणि चाकांचा खर्च नाहक वाढला. जुने ड्रम उघडताना हवेच्या पाइपनं धूळ उडवू नका, त्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा.

पुढच्या पुरवणीत यातलं थोडंफार छापलंत तर बरं होईल. एवढ्या सगळ्यात कार्ब्युरेटर अजून जुनाच आहे.

आपला,
एक कोल्हापूरकर, रॉयल ओक, मिशिगन