छावणीबाहेर आलेल्या पाळकांस

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

हे पत्र पूर्वीच लिहायला हवे होते. पण त्या दिवसाची आठवण आली की अजूनही डोळे भरून येतात आणि हात थांबतो. सोरायसिसमुळे माझ्या तळहातांची सालपटे निघतात, हे मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या आधी ज्यांनी आम्हांला शास्त्र शिकवले, त्यांनी बायबलमधील लेवीय या पुस्तकाचा १३वा अध्याय उघडून, त्वचारोगामुळे ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत इस्राएल लोकांच्या छावणीबाहेर राहणाऱ्या माणसाविषयी सर्वांदेखत वाचले आणि मग मला बाजूला घेऊन विचारले, “कोणते पाप लपवले आहे?” ४६व्या वचनाशी त्यांनी पुस्तक मिटले. एवढ्या जबाबदारीच्या जागी बसलेल्या माणसाने पुढचे पान उलटले असते, तर माझी दोन वर्षे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर घेण्याच्या, वेळी मंदिराबाहेरच्या पायरीवर गेली नसती.

तुम्ही त्या पायरीवर येऊन माझ्याशेजारी बसलात. उपदेश केला नाहीत, कारण विचारले नाहीत, स्वतःचे बायबल माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, “१४वा अध्याय तुम्हीच काढा.” पाने उलटताना माझ्या बोटांची सालपटे त्या पातळ कागदावर पडली. मी शरमेने रुमाल काढू लागले, तर तुम्ही त्याच पानावर बोट टेकवलेत आणि ३रे वचन वाचलेत: याजकाने, म्हणजे पुरोहिताने, छावणीबाहेर जाऊन त्याला पाहावे. ती सालपटे तुम्ही झटकली नाहीत. पाळकसाहेब, माझे सारे आभार त्या न झटकलेल्या सालपटांसाठी आहेत.

अशुद्ध म्हणजे पापी नव्हे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. बाळंतीण अशुद्ध ठरत असे, प्रेताला हात लावणाराही सात दिवस अशुद्ध राहत असे. पण मूल जन्माला घालणे किंवा बापाला मूठमाती देणे यात कसले पाप? ज्याचे अंग डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले त्याला तर तोच १३वा अध्याय शुद्ध ठरवतो, आणि त्यातला रोगासाठीचा इब्री (हिब्रू) शब्द त्वचेच्या निरनिराळ्या विकारांना लागू होतो, कपड्यावरच्या डागालाही लागतो. कपड्याला कोणी पापाचा जाब विचारत नाही. मरण आणि झीज यांचा स्पर्श झालेल्या माणसाला जीवनदात्या देवाच्या निवासाजवळ पुन्हा कसे आणावे, याचे ते नियम होते.

बरा झालेला माणूस परत येई तेव्हा वाहत्या पाण्यावर एक पक्षी मारला जाई आणि त्याच्या रक्तात बुडवलेला दुसरा, जिवंत पक्षी मोकळ्या रानात सोडला जाई. मग त्या माणसाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या व उजव्या पायाच्या अंगठ्याला अर्पिलेल्या कोकराचे रक्त आणि त्यावर तेल लावले जाई. मोशेचा भाऊ अहरोन याला पहिला प्रमुख याजक नेमताना रक्त याच तीन जागी लावले होते, हे तुम्ही दाखवलेत तेव्हा मला रडू आवरले नाही. बाहेर काढलेल्याला देव याजकासारखी खूण करतो! तेव्हापासून रोज सकाळी प्रार्थनेत मी कान, हात आणि पाय यांची नावे घेते: आज काय ऐकीन, काय करीन, कुठे जाईन.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या १ल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला आधी हात लावतो आणि मग शुद्ध करतो. तो बरा झालेला माणूस गावभर सांगत सुटतो आणि येशूला मात्र गावाबाहेर, ओसाड जागी राहावे लागते. जागांची ही अदलाबदल मी कित्येकदा वाचली होती, पण पायरीवर कोणी शेजारी येऊन बसेपर्यंत ती मला दिसली नव्हती. माणुसकीला मोठी विद्या लागत नाही असे म्हणतात; तुमच्यापाशी विद्याही होती आणि ती तुम्ही माझ्या मांडीवर ठेवलीत, म्हणून माझे ऋण दुप्पट आहे.

माझे हात अजून तसेच आहेत, आणि गेल्या रविवारी त्याच हातांत मी भाकर घेतली.

एक विचारायचे राहिले. लेवीय १४:३६मध्ये याजक भिंतीवर डाग पडलेले घर तपासायला येण्याआधी ते रिकामे करायला सांगितले आहे, म्हणजे आतल्या वस्तू अशुद्ध ठरू नयेत. कोणाच्या भांड्याकुंड्यांची एवढी काळजी! पुढच्या भेटीत याविषयी तुमच्याकडून ऐकायचे आहे.

आपली कृतज्ञ,
मंडळीतील एक बहीण