गच्चीवरचे बीटल्स राहूनच गेले की!

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला साठच्या दशकातल्या रॉकवरचा लेख मस्तच, पण ३० जानेवारी १९६९ ची दुपार कशी काय विसरलात राव? लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावर स्वतःच्याच ऑफिसच्या गच्चीवर बीटल्स, म्हणजे तो चौघांचा इंग्लिश रॉक बँड, चढले आणि चांगली ४२ मिनिटं वाजवत राहिले, थंडी एवढी की त्यातल्या जॉन लेननने त्याच्या मैत्रिणीचा, योकोचा फरकोट घातलेला आणि ड्रमर रिंगोने बायकोचा लाल रेनकोट! खाली लंच टाइमची गर्दी माना वर करून उभी, दिसत कुणाला फारसं नव्हतंच. शेवटी तक्रारी गेल्या, पोलिस वर आले. लोकांसमोर चौघं एकत्र वाजवायला उभे राहिले ते शेवटचंच. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला अर्धं पान दिलंत, याला दोन ओळी तरी द्यायच्या होत्या.

– एक जुना वाचक, पुणे